फावला वेळ आणि हाताखालचा उंदीर

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला रिकामपणाचा फारसा अनुभव नसावा. कुडाला तुंबड्या लावणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या हातांत निदान तुंबडी तरी होती! ज्याच्या हातांत कांहींच नसतें त्याचा वेळ कसा जातो, हें शहरांतील कोणत्याहि सोसायटीच्या बांकावर सकाळ-संध्याकाळ पाहावयास मिळतें. तीस-पस्तीस वर्षें घड्याळाच्या कांट्यावर कचेरी गांठणारा मनुष्य निवृत्त होतो, सत्काराचा नारळ आणि शाल घेऊन घरीं येतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां त्याला असें आढळून येतें कीं, आपणांस जावयाचें असें ठिकाणच उरलेलें नाहीं. वर्तमानपत्र साडेनवाला संपतें. पुढचा वेळ घरांतील इतर माणसांच्या कामांत लुडबूड करण्यांत जातो, आणि पोळ्या जाड झाल्या येथपासून पंखा उगाच फिरतो आहे येथपर्यंत सर्व विषयांवर मतप्रदर्शन होऊं लागतें. घरांतील माणसें पहिला महिना तें कौतुकानें ऐकतात.

अशा गृहस्थांना छंद जडवून घेण्याचा उपदेश पुष्कळ केला जातो. पण छंद म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो. मराठींत छंद, नाद आणि व्यसन असे तीन शब्द आहेत, आणि त्यांमधील अंतर मराठी माणसाला केवळ कानानें कळतें. मुलाला पेटीचा नाद लागला असें आई म्हणते, तेव्हां तिच्या स्वरांत थोडी तक्रार असते. तोच मुलगा पुढें चार माणसांत बरें वाजवूं लागला, कीं त्या नादाचा छंद होतो. व्यसन या शब्दाचा तर संस्कृतांतला एक अर्थ संकट असाच आहे. आजच्या भाषणाचा विषय असलेली वस्तु अशी आहे कीं, ती या तिन्ही घरीं सारख्याच सुखानें नांदते. ती वस्तु म्हणजे संगणकाचा माउस.

माउस म्हणजे उंदीर. ज्या देशांत बुद्धीच्या देवतेनें उंदरालाच वाहन केलें, तेथें बुद्धीच्या यंत्राशेजारीं उंदीर बसलेला पाहून कोणास नवल वाटूं नये. हा विनोद गणेशोत्सवाच्या देखाव्यांनीं इतका झिजविला आहे कीं, तो येथेंच सोडलेला बरा.

या उंदराचा जन्म एका ध्येयवेड्या माणसाच्या टेबलावर झाला. डग्लस एंगेलबार्ट हा अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत १९२५ सालीं जन्मलेला इंजिनिअर. दुसरें महायुद्ध संपतांना तो आरमारांतील रडारचा तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्स बेटांत होता. तेथें रेड क्रॉसच्या एका झोपडीवजा वाचनालयांत व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा एक लेख त्याच्या वाचनांत आला. मनुष्यजातीचें ज्ञान अफाट वाढलें आहे, तेव्हां हवें तें हव्या क्षणीं समोर येईल असें एकादें यंत्र अभ्यासूच्या टेबलावर असलें पाहिजे, असा त्या लेखाचा आशय होता. तें बीज पुढें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत रुजलें. जगापुढील प्रश्न मनुष्याच्या बुद्धीपेक्षां अधिक वेगानें अवघड होत चालले आहेत, म्हणून बुद्धीलाच कांहीं तरी जोड दिली पाहिजे, हा एंगेलबार्टचा ध्यास होता. त्या काळीं संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोंकें पाडून तीं यंत्राच्या स्वाधीन करावयाचीं आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें, अशी रीत असे. पडद्यावर अक्षरें असावींत, आणि मनुष्यानें त्यांतील एका अक्षरावर बोट ठेवून 'हें बदल' असें यंत्राला सांगावें, ही कल्पनाच तेव्हां विलक्षण होती.

तें बोट कसलें असावें, एवढाच प्रश्न उरला होता. नकाशावरील जमिनीचें क्षेत्रफळ मोजण्यासाठीं मोजणीखात्यांत प्लॅनिमीटर नांवाचें एक उपकरण वापरीत. त्याच्या सरकणाऱ्या चाकांची आठवण एंगेलबार्टला झाली. त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या त्याच्या सहकाऱ्यानें १९६४ सालीं लांकडाचा एक ठोकळा पोखरला, त्याच्या पोटांत एकमेकांशीं काटकोन करणारीं धातूचीं दोन चाकें बसविलीं आणि पाठीवर एक कळ. एक चाक उभी चाल मोजी, दुसरें आडवी. दोहोंची बेरीज पडद्यावरचा ठिपका करी. भूमितींतील क्ष आणि य हे दोन अक्ष शाळेंत ज्यांनीं नाइलाजानें गिरविले असतील, त्यांना ते येथें लांकडाच्या पेटींत चाकें होऊन फिरत असलेले दिसतील. या ठोकळ्याची परीक्षाहि रीतसर झाली. प्रकाशाची लेखणी, दांडी, इतकेंच नव्हे तर टेबलाखालीं गुडघ्यानें हलवावयाचें एक साधन, अशीं अनेक प्रतिस्पर्धी साधनें समोर होतीं. नवशिक्यांच्या हातीं गुडघ्याचें साधनहि कांहीं वाईट ठरलें नाहीं. पण सरावलेल्या माणसांच्या हातीं हा ठोकळा सर्वांत सरस ठरला. शेपटासारखी तार असल्यामुळें त्याला उंदीर हें नांव पडलें. तें प्रथम कोणी उच्चारलें हें खुद्द एंगेलबार्टलाहि आठवत नसे.

९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें सुमारें एक हजार तज्ज्ञांपुढें त्यानें नव्वद मिनिटें आपलें सर्व काम करून दाखविलें. अक्षरें जागच्या जागीं बदलत होतीं, एका शब्दावरून दुसऱ्या पानावर उडी घेतां येत होती, तीस मैलांवरील सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर दिसत होता. सभागृह उभें राहून टाळ्या वाजवूं लागलें. माउसाचें पेटंट १९७० सालीं मिळालें, पण तें संस्थेच्या मालकीचें होतें. १९८७ मध्यें त्याची मुदत संपली, आणि घरोघरीं माउस जाण्याचा खरा काळ त्यानंतर आला. आपल्या शोधाच्या प्रत्येक नगामागें मिळावें असें हक्काचें द्रव्य एंगेलबार्टला कधींच मिळालें नाहीं. १९९७ सालीं ट्यूरिंग पारितोषिकासारखा मोठा सन्मान त्याला लाभला. २०१३ सालीं तो वारला. पैशाचें त्याला फारसें दुःख होतें असें दिसत नाहीं. मनुष्याची सामुदायिक बुद्धि वाढविण्याचा जो मोठा मनोरथ त्यानें रचला, त्यांतील लोकांनीं केवळ हा ठोकळा तेवढा उचलला, याची खंत मात्र त्याला शेवटपर्यंत होती. सोपेपणाला तो फारशी किंमत देत नसे. तीनचाकी सायकल शिकावी लागत नाहीं हें खरें, पण तिच्यावर बसून कोणी दूर जात नाहीं, असा त्याचा दृष्टांत असे. सर्वच शिक्षकांना तो पटण्यासारखा आहे.

लोकांना मात्र तीनचाकीच हवी होती. १९८० च्या सुमारास अॅपल कंपनीसाठीं स्वस्त माउस तयार करण्याचें काम डीन होवी या तरुण कारागिराकडे आलें. झेरॉक्स कंपनीजवळ जो माउस होता त्याची किंमत तीनशे डॉलरांच्या घरांत, आणि प्रकृति नाजूक. होवीनें बाजारांतून कांखेंत लावावयाच्या सुगंधी द्रव्याची कुपी आणली, तिच्या तोंडाशीं फिरणारा गोळा काढला, लोण्याच्या डबीचें झांकण घेतलें, आणि त्यांतून पहिला नमुना जुळविला. चाकांची जागा गोळ्यानें घेतली. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकाबरोबर हा गोळ्याचा उंदीर घरांत शिरला.

ज्यांच्या घरीं १९९५-९६ च्या सुमारास पहिला संगणक आला, त्यांना तो गोळा चांगला आठवत असेल. टेबलावरची धूळ, केंस, चिवड्याचा तेलकटपणा, सारें कांहीं तो पोटांत घेई, आणि महिन्याभरांत पडद्यावरचा बाण अडखळूं लागे. मग माउस उताणा करावयाचा, खालची चकती फिरवून काढावयाची, गोळा तळहातावर घ्यावयाचा आणि आंतील रुळांवर बसलेला काळा थर नखानें खरवडावयाचा. पुष्कळ घरांत हें रविवारचें आवडतें काम असे, आणि तो गोळा पलंगाखालीं घरंगळला म्हणजे सर्व कुटुंब ओणवें होई. १९९९ सालापासून हें सुख संपलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें पोटांत दिवा असलेला माउस बाजारांत आणला. तो दिवा खालच्या पृष्ठावर प्रकाश टाकतो, आणि एक चिमुकला कॅमेरा त्या पृष्ठाचीं सेकंदाला सुमारें दीड हजार चित्रें घेतो. एका चित्रांतील खरखर पुढच्या चित्रांत किती सरकली, यावरून यंत्र चाल ओळखतें. यामुळेंच स्वच्छ कांचेच्या टेबलावर हा माउस वेड्यासारखा वागतो. कांचेवर त्याला ओळखावी अशी खूणच सांपडत नाहीं. खालीं जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद घातला, कीं तो ताबडतोब शुद्धीवर येतो. दुकानांत धांव घेण्यापूर्वीं हा उपाय अवश्य करून पाहावा.

माउस शिकणें सोपें असें तरुणांना वाटतें, कारण आपण तें कधीं शिकलों हें त्यांना आठवत नाहीं. साठी उलटलेल्या माणसाला हा उंदीर पहिल्या दिवशीं जो छळतो त्याचें वर्णन करणें कठीण. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, आणि बाण तिसरीकडे. कोणत्याहि घरीं होणारा संवाद असा असतो:

"आजोबा, बाण उजवीकडे न्या."

"नेतोंच आहें. पण टेबल संपलें ना!"

"मग माउस उचला, आणि परत मध्यें ठेवा."

"उचलला तर तो बाण पडणार नाहीं का?"

नात हंसते. पण आजोबांचा प्रश्न मुळींच हंसण्यासारखा नाहीं. हातांतील वस्तु हलली कीं बाण हलतो, हें आतांच त्यांना शिकविलें. मग उचलल्यावर तो जागीं कां राहावा, याचें उत्तर त्यांना कोणी दिलेलें नसतें. माउस फक्त घासणें मोजतो, हवेंतील प्रवास त्याला कळत नाहीं, एवढें एक वाक्य सांगितलें तर अर्धी भीति पळून जाते. उरलेली अर्धी दोनदां टिचकी मारण्याची. वयस्क बोटाला दोन टिचक्यांच्या मध्यें जरा जास्त वेळ लागतो, तेवढ्यांत हातहि सरकतो, आणि यंत्र त्या दोन निरनिराळ्या टिचक्या समजतें. हा दोष बोटाचा नव्हे. टिचक्यांमधील अवकाश वाढविण्याची सोय प्रत्येक संगणकांत केलेली असते. बाण मोठा करतां येतो, त्याची चाल मंद करतां येते, आणि डावखुऱ्यांसाठीं डाव्या-उजव्या कळांची अदलाबदलहि करतां येते. हें सर्व ठाऊक असूनहि आजोबांना न सांगणाऱ्या नातवंडांस काय म्हणावें!

हात वळविण्याचें हें शिक्षण जगांतील कोट्यवधि लोकांना एका पत्त्यांच्या डावानें दिलें. एकट्यानेंच खेळावयाचा सॉलिटेअर हा डाव १९९० सालीं विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर फुकट आला. तो वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या तरुणानें फावल्या वेळांत लिहिला होता. पत्त्यांचीं चित्रें सुझान केअर या चित्रकर्त्रीनें काढलीं. डाव लिहिल्याबद्दल चेरीला वेगळें असें कांहीं मिळालें नाहीं. पान पकडून दुसऱ्या पानावर ओढून न्यावयाचें, ही क्रिया शंभर वेळां केल्यावर नवख्या कारकुनाला हात ओढण्याचा धडा आपोआप गिरविला गेल्यासारखा होई. तेवढ्यासाठींच हा खेळ घातला होता असें सांगितलें जातें. कांहीं असो, धडा पाठ झाल्यावरहि विद्यार्थी वर्गांतून उठले नाहींत. २००६ सालीं न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनीं आपल्या एका कचेरीला भेट दिली असतां एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हा डाव मांडलेला पाहिला, आणि त्या माणसाची नोकरी गेली. शिक्षा फार कडक झाली असें पुष्कळांना वाटलें, व तें बरोबरच आहे. पण त्या प्रसंगांत एक गोष्ट दिसून आली. तोच डाव घरीं रात्रीं नऊ वाजतां खेळला असता तर कोणी विचारलें नसतें. टिचकी तीच, पत्ते तेच. वेळ मात्र दुसऱ्याचा होता.

आणि स्वतःच्या वेळाचें काय? रात्रभर चाक फिरवून दुसऱ्यांच्या लग्नांचीं चित्रें पाहणें, किंवा नको असलेल्या वस्तूंच्या किमती उतरल्या कीं नाहीं हें तासातासाला तपासणें, याला अलीकडे छंद म्हणण्याची पद्धत पडत आहे. छंद या शब्दाचा हा अपमान आहे. छंदानें हातांतून कांहीं तरी निपजलें पाहिजे, किंवा डोक्यांत कांहीं तरी शिरलें पाहिजे.

माउसांतून काय निपजूं शकतें याचें सर्वांत हृद्य उदाहरण हॅल लॅस्को या अमेरिकन वृद्धाचें आहे. ओहायो संस्थानांत १९१५ सालीं जन्मलेला हा मनुष्य अक्षरें रेखाटण्याच्या धंद्यांत होता. महायुद्धाच्या काळांत त्यानें विमानांच्या हल्ल्यांसाठीं नकाशे काढले; पुढें शुभेच्छापत्रें छापणाऱ्या एका मोठ्या कंपनींत नोकरी केली. संगणकांवर अक्षरें बनूं लागण्यापूर्वींच तो निवृत्त झाला होता. त्याच्या सर्व आयुष्यांत अक्षर म्हणजे हातानें, कुंचल्यानें, श्वास रोखून ओढलेली रेषा. पंचाऐंशीव्या वाढदिवशीं घरच्यांनीं त्याला एक संगणक दिला आणि त्यांतील पेंट हें साधें चित्रें काढण्याचें साधन उघडून दाखविलें. मुलें ज्यांत घर, डोंगर आणि सूर्य काढतात तेंच हें साधन. इतरांना तें पोरकट वाटे. लॅस्कोला तें आवडलें.

यानंतर दैवानें त्याच्या डोळ्यांवरच घाला घातला. नेत्रपटलाच्या मध्यभागाला झीज होऊन त्याची समोरची दृष्टि जाऊं लागली. या रोगांत कडेचें दिसतें, पण ज्याच्याकडे पाहावें तेंच नाहींसें होतें. कागदावर बारीक काम करणाऱ्याला याहून क्रूर शिक्षा दुसरी नसेल. पण पडद्यावरील चित्र कितीहि मोठें करून पाहतां येतें. चित्र ज्या चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असतें तो एकेक ठिपका लॅस्को फरशीएवढा मोठा करी, माउस सरकवून त्यावर आणी, आणि त्यांत रंग भरी. मग दुसरा ठिपका. दिवसाकांठीं दहा-दहा तास हें काम चाले, आणि एकेका चित्राला महिने लागत, कांहींना वर्षेंहि लागलीं. संपूर्ण चित्र त्याला एका नजरेंत स्पष्ट दिसणें कठीणच होतें. तें त्याच्या डोक्यांत होतें, आणि हात तें ठिपक्याठिपक्यानें बाहेर आणीत होता. जवळजवळ शतायु झाल्यावर त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. २०१३ सालीं त्याच्यावर एक लहानसा बोलपट निघाला, आणि तीं चित्रें विकलींहि जाऊं लागलीं. २०१४ सालीं तो वारला. ज्या साधनाला जाणत्या लोकांनीं खेळणें म्हटलें, त्यानें एका कारागिराला त्याचें काम परत दिलें. अंध होत चाललेल्या माणसाच्या घरांतील ते दहा तास दुसऱ्या कोणत्या रीतीनें गेले असते, याची कल्पना ज्यांच्या घरांत असा वृद्ध आहे त्यांना करून देण्याची जरूर नाहीं.

जपानांतील तात्सुओ होरिउचि यांची तऱ्हा याहून मौजेची. ते २००० सालाच्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, चित्रें काढूं लागले. रंग आणि कुंचले महाग, चित्रांसाठीं बनविलेल्या प्रणालीहि महाग. संगणकांत एक्सेल हें हिशेबाच्या तक्त्यांचें साधन मात्र आधींच बसविलेलें होतें, आणि कचेरींतील लोक त्यांत रंगीत आलेख काढतांना त्यांनीं पाहिलें होतें. आलेखाची रेघ काढतां येते, तर चेरीची फांदी कां काढतां येऊं नये? माउसानें आकार ओढावयाचा, त्याचीं टोकें वांकवावयाचीं, रंग भरावयाचा, आणि आकारावर आकार रचीत जावयाचें. जमाखर्चाच्या वहींत त्यांनीं अशा रीतीनें चेरीचीं बहरलेलीं झाडें, डोंगर आणि पाण्यांतील प्रतिबिंबें उभीं केलीं, आणि २००६ सालीं एक्सेलांतील चित्रांच्या स्पर्धेंत पहिला क्रमांक मिळविला. आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या पुष्कळ श्रोत्यांना हें ऐकून आपल्या वह्यांविषयीं निराळा आदर वाटूं लागेल.

ज्यांना चित्रकलेचें अंग नाहीं त्यांच्यासाठींहि वाट आहे, आणि ती थेट आकाशांत जाते. दुर्बिणीनें घेतलेल्या सुमारें नऊ लक्ष दीर्घिकांचीं चित्रें शास्त्रज्ञांजवळ सांठलीं होतीं. त्यांतील कोणती गोल व कोणती चक्राकार, हें ओळखण्यांत त्या वेळीं यंत्रापेक्षां माणसाचा डोळा अधिक विश्वासार्ह होता. पण इतके डोळे आणावे कोठून? जुलै २००७ मध्यें गॅलक्सी झू या नांवानें तीं चित्रें सर्वांना खुलीं करण्यांत आलीं. चित्र पाहावयाचें, आकार ओळखावयाचा, टिचकी मारावयाची. पहिल्या वर्षांत सुमारें दीड लक्ष लोकांनीं पांच कोटींहून अधिक निवाडे दिले. एकेक चित्र अनेकांच्या डोळ्यांखालून जात असल्यामुळें एकाची चूक दुसऱ्यानें सुधारली जाई.

त्यांत हॅनी फान आर्केल ही नेदर्लंड्समधील एक तरुण शिक्षिका होती. ज्योतिषाचा तिचा अभ्यास नव्हता. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत चित्रें पाहतां पाहतां एका दीर्घिकेच्या खालीं तिला निळसर रंगाचा एक डाग दिसला. प्रश्नांत त्या डागाविषयीं कांहीं विचारलेलें नव्हतें. आकार ओळखून पुढें जाणें एवढेंच काम होतें, आणि बहुतेक लोक पुढें गेलेहि असते. तिनें थांबून शास्त्रज्ञांना विचारलें, हें काय आहे? शास्त्रज्ञांनाहि तें सांगतां येईना! पुढें मोठमोठ्या दुर्बिणी त्याकडे वळल्या; हबल दुर्बिणीनें घेतलेलें त्याचें चित्र २०११ सालीं प्रसिद्ध झालें. तो वायूचा एक प्रचंड मेघ आहे. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यांत पूर्वीं एक अतितेजस्वी ज्योत धगधगत होती, तिच्या प्रकाशानें तो उजळला. ती ज्योत मंदावली, पण तिचा प्रकाश मेघापर्यंत जाऊन मग आपल्याकडे येत असल्यामुळें मेघ मात्र अद्याप उजळलेला दिसतो. डच भाषेंत वस्तूला जो शब्द आहे तोच जोडून त्या मेघाला हॅनीचें नांव मिळालें. वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'आधीं दिलेलें काम संपव' असें सांगण्याची संवय ज्या शिक्षकांना आहे, त्यांनीं ही हकीकत विशेष लक्षांत ठेवावी.

नकाशांचीहि अशीच एक चळवळ आहे. इंग्लंडांत २००४ सालीं सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशांत जगभरचे हौशी लोक उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते व घरें माउसानें गिरवितात. जानेवारी २०१० मध्यें हैती देशांत आणि एप्रिल २०१५ मध्यें नेपाळांत भूकंप झाला, तेव्हां मदतपथकांच्या हातीं उपयोगी नकाशे आले ते अशाच दूरदूरच्या घरांतून.

येथें हाताविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण छंदांत दंग झालेल्या माणसाला मनगट दुखूं लागेपर्यंत मनगट असल्याची आठवण राहत नाहीं. माउस दूर ठेवून हात लांबवूं नये. तो कळफलकाच्या अगदीं शेजारीं, कोंपराच्या उंचीवर असावा. मनगट वर मोडलेलें नसावें, आणि हालचाल शक्य तों कोंपरापासून व्हावी. माउस मुठींत आवळून धरण्याची नवशिक्यांची खोड वेळींच मोडावी. बोटांना मुंग्या येऊं लागल्या तर तें म्हातारपणावर न ढकलतां वैद्याला दाखवावें. डोळ्यांसाठीं नियम सोपा आहे. दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडील एकाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावें. खिडकींतून समोरच्या झाडाकडे पाहिलें तरी चालतें.

बोटानेंच चालणाऱ्या दूरध्वनींच्या काळांत माउसाचें राज्य पुष्कळ आकसलें आहे, यांत शंका नाहीं. पण बोट जाड असतें, आणि ज्यावर ठेवावें त्यालाच झांकून टाकतें. जेथें एका मात्रेचा, एका अनुस्वाराचा प्रश्न असतो तेथें अद्याप बाणाचें टोंकच लागतें. मराठी घरांना अगदीं जवळचें असें एक काम याच जातीचें आहे. मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ च्या आवृत्तीचा तो जाडजूड ग्रंथ, शिकागो विद्यापीठानें सर्वांसाठीं खुला केला आहे, आणि जुना शब्द अडला तर एका टिचकीसरशीं तो उघडतो. अशा शब्दांचें ज्यांना प्रेम आहे त्यांच्यासाठीं मराठी विकिस्रोत आहे. जुन्या, हक्कमुक्त झालेल्या मराठी पुस्तकांचीं पानें तेथें चित्ररूपानें ठेवलेलीं असतात. शेजारीं तोच मजकूर अक्षररूपानें असतो. पण पुष्कळदां तो यंत्रानें ओळखलेला, म्हणून चुकांनीं भरलेला. 'घ' चा 'ध' झालेला असतो, 'भ' चा 'म', अनुस्वार उडालेले असतात, जोडाक्षरें फुटलेलीं असतात. एका बाजूस जुनें पान पाहावयाचें, दुसऱ्या बाजूस बाण नेमका चुकलेल्या अक्षरापाशीं ठेवावयाचा आणि तें सुधारावयाचें. एरवीं पोळीच्या जाडीवर खर्च होणारी चिकित्सक बुद्धि येथें फार उपयोगी पडते, आणि जुन्या लेखनपद्धतींत वाढलेल्या डोळ्यांना जे अनुस्वार सहज दिसतात ते तरुणांना शोधावे लागतात. न तपासलेल्या पानाची खूण तांबडी असते. एकानें तें तपासलें कीं ती पिंवळी होते. पण पहिल्या वाचकाला स्वतःच्याच पानाची खूण हिरवी करतां येत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या कोणी तरी तेंच पान पुन्हां अक्षरशः वाचावें लागतें. तेथें पिंवळीं पानें पुष्कळ पडून आहेत.